वॉटर-कूल्ड कॉम्प्युटर : स्वस्तातलं कूलंट कोणतं घ्यावं?

कस्टम लूपमध्ये साधारण एक लिटर द्रव मावतो. त्यासाठी महागडं रंगीत कूलंटच हवं असं काही नाही. उष्णता वाहून नेण्यात पाणीच सरस. ग्लायकॉल मिसळलं की ही क्षमता उलट थोडी घटते. जादा पैसे जातात ते गंज आणि शेवाळ रोखणाऱ्या रसायनांचे.

म्हणून आधी धातू बघा. ब्लॉक, रेडिएटर सगळं तांब्या-पितळेचं असेल तर डिस्टिल्ड वॉटर आणि शेवाळनाशकाचे काही थेंब पुरतात. रेडिएटर ॲल्युमिनियमचा निघाला तर मात्र नुसतं पाणी नकोच. तांब्याच्या संगतीत ॲल्युमिनियम झिजतं, आणि तो गाळ ब्लॉकच्या बारीक खाचांत जाऊन बसतो. कूलंटनेही हे फक्त लांबतं, टळत नाही. स्वस्त रेडिएटर घेताना हे विचाराच.

नळाचं पाणी नको, आरओचंही नको. त्यात क्षार उरतात. बॅटरी वॉटर चालेल, पण बाटली ॲसिडची नाही ना, लेबल वाचून घ्या. गाडीचं पातळ केलेलं कूलंट गंज रोखतं. पण त्यातलं इथिलीन ग्लायकॉल विषारी आणि वर चवीला गोड, घरात लहान मुलं, कुत्रं-मांजर असेल तर जपा.

शुद्ध पाणीही लूपमध्ये फिरून वीजवाहक होतं. तेव्हा भरल्यावर आधी फक्त पंप चालवून गळती तपासा. द्रव वर्षातून एकदा तरी बदला.