पाहुणा पैसा

२ जुलै १९९७ रोजी थायलंडच्या मध्यवर्ती बँकेने ‘बाथ’ या आपल्या चलनाचा दर बाजारावर सोडून दिला. त्याआधी कित्येक वर्षे एका डॉलरला सुमारे २५ बाथ पडत. जानेवारी १९९८ मध्ये ५० हून अधिक मोजावे लागले. थायलंडचे सरकार उधळे नव्हते. त्याचे अंदाजपत्रक अनेक वर्षे शिलकीचे होते. मग हे घडले कसे?

कर्ज सरकारने नव्हे, तर बँकांनी आणि कंपन्यांनी काढले होते. १९९३ मध्ये थायलंडने परदेशातून कर्ज आणणे बँकांना सोपे करून दिले. परदेशात व्याज कमी, देशात जास्त. शिवाय बाथचा दर स्थिर. तेव्हा डॉलर आणावेत, त्यांचे बाथ करावेत आणि ते चढ्या व्याजाने द्यावेत, यात धोका कुणालाच दिसेना. हा पैसा जमिनी, इमारती आणि शेअर यांत गेला.

धोका कुठे होता, हे एका साध्या गणिताने कळेल. समजा, एका बांधकाम कंपनीने १० लाख डॉलर कर्ज घेतले. २५ च्या दराने हे झाले अडीच कोटी बाथ. दर ५० झाला, की तेच कर्ज पाच कोटींचे होते. घरांचे भाडे मात्र बाथमध्येच येणार! त्यात हे कर्ज बहुतांशी वर्षाच्या आत फेडायचे होते, आणि इमारतीतून पैसा सुटायला कित्येक वर्षे लागतात.

१९९६ मध्ये थायलंडची निर्यात वाढायची थांबली, तेव्हा बाथच्या दराविषयी शंका सुरू झाली. दर टिकवण्यासाठी मध्यवर्ती बँकेने डॉलर विकले, आणि पुढे डॉलर देण्याचे वायदेही केले. जून १९९७ अखेर गंगाजळी कागदावर ३,००० कोटी डॉलरहून अधिक होती. वायदे वजा केले, तर उरत होते ३०० कोटींहूनही कमी.

दर सुटताच सावकारांनी कर्जाची मुदत वाढवायला नकार दिला. घबराट इंडोनेशिया आणि दक्षिण कोरियापर्यंत पोचली. डिसेंबर १९९७ मध्ये थायलंडच्या ५६ वित्त कंपन्या कायमच्या बंद झाल्या. बँकॉकमधील इमारती अर्धवट राहिल्या, आणि काम सुटलेले अनेक मजूर गावी परतले.

योगायोग असा, की त्याच्या जेमतेम महिनाभर आधी भारतात रिझर्व्ह बँकेच्या तारापोर समितीने अहवाल दिला होता. भांडवलाची देशाबाहेर ये-जा तीन वर्षांत टप्प्याटप्प्याने मोकळी करावी, पण आधी अंदाजपत्रकी तूट, महागाई आणि बँकांची बुडीत कर्जे आटोक्यात आणावीत, असे तिचे म्हणणे होते. थायलंडची पडझड पाहून तो बेत मागे पडला. ही ये-जा भारतात आजही पूर्ण मोकळी नाही.

परदेशी पैसा म्हणजे सगळा एकच नव्हे. कारखान्यात घातलेला पैसा रातोरात उचलून नेता येत नाही. अल्पमुदतीचे कर्ज मात्र नेता येते. म्हणून किती पैसा आला, याबरोबरच तो किती दिवसांसाठी आला आणि कोणत्या चलनात परत करायचा, हेही विचारले पाहिजे.