व्हाल्लो आल्पीनो
फ्रान्सपासून यूगोस्लाव्हियापर्यंत पसरलेल्या इटलीच्या आल्प्समधील सरहद्दीवर मुसोलिनीच्या राजवटीने १९३१ पासून उभारलेली तटबंदी. सलग भिंत अशी ती नव्हतीच. खिंडींच्या व दऱ्यांच्या मुखांशी खडक पोखरून केलेली भुयारे, त्यांतील तोफांची व मशिनगनांची काँक्रीटची ठाणी आणि रणगाडाविरोधी अडथळे असे तिचे स्वरूप होते.

१९३८ मध्ये जर्मनीने ऑस्ट्रिया गिळंकृत केल्याने जर्मन सैन्य ब्रेनर खिंडीशी येऊन ठेपले. पहिल्या महायुद्धानंतर इटलीस मिळालेल्या जर्मनभाषिक दक्षिण टिरोलवर हिटलर हक्क सांगेल, ही धास्ती होती. १९३९ मध्ये उभय देशांत ‘पोलादी करार’ झाला. तथापि या मित्राविरुद्धच्या बांधकामास खरा वेग त्यानंतरच आला. जर्मनीच्या सीगफ्रीड तटबंदीच्या इटालियन नावाशी यमक जुळवून लोकांनी तिला ‘नॉन मी फीदो’ (माझा भरवसा नाही) म्हटले, ते सार्थच होते. जर्मनीच्या निषेधामुळे १९४२ मध्ये काम थांबले. मुसोलिनीच्या पतनानंतर, १९४३ च्या उन्हाळ्यात, जर्मन फौजा मित्र म्हणूनच ब्रेनर खिंडीतून आत आल्या; सप्टेंबरात इटलीने शस्त्रसंधी जाहीर केला, तेव्हा ही ठाणी त्यांच्या पाठीमागे राहिली होती.

१९४७ च्या शांतता तहान्वये फ्रान्स व यूगोस्लाव्हिया यांच्या सरहद्दींवरील तटबंदी निकामी करावी लागली. ऑस्ट्रियाकडील काही ठाणी मात्र इटलीने शीतयुद्धकाळात पुन्हा वापरात आणली.