फाइल फक्त ५ एमबीची, मग प्लॉटर ‘आउट ऑफ मेमरी’ का म्हणतो?

बडनेऱ्यात १९८३ पासून अभियांत्रिकी महाविद्यालय आहे. शेजारच्या अमरावतीत नकाशे काढणारे आर्किटेक्ट, इंजिनिअर आणि सर्व्हेअर आहेत. त्यामुळे नव्या वस्तीपासून अमरावतीपर्यंत मोठी शीट छापण्याचं काम वर्षभर सुरू असतं. शेवटच्या वर्षाचा सिव्हिलचा विद्यार्थी असो की बिनशेती लेआउटचा नकाशा मंजुरीसाठी द्यायला निघालेला इंजिनिअर, एक अडचण दोघांनाही कधी ना कधी येते. दुकानात पेनड्राइव्ह दिला जातो, पीडीएफ स्क्रीनवर नीट उघडते, प्रिंटची कमांड जाते आणि प्लॉटरच्या छोट्या पडद्यावर मेमरी संपल्याचा संदेश येतो. कधी अर्धीच शीट बाहेर पडते.

अशा वेळी बहुतेक जण फाइल पुन्हा पाठवतात, मग प्लॉटर बंद करून सुरू करतात, आणि तेवढ्यानं भागलं नाही तर सुमारे १० किलोमीटरवरच्या अमरावतीत दुसरं दुकान शोधतात. पण फाइल तीच असेल तर दुसऱ्या दुकानातही हीच अडचण येऊ शकते. म्हणून मेमरी नेमकी कुठे आणि कशामुळे संपते, हे आधी समजून घ्यायला हवं.

५ एमबीची फाइल मोठी कशी होते?

कॅडमधली रेष म्हणजे खरं तर एक सूचना असते: या बिंदूपासून त्या बिंदूपर्यंत, अमुक जाडीची रेष. अशा हजारो सूचना थोड्या जागेत मावतात. कागदावर मात्र शाईचे ठिपके पडतात. प्रत्येक सूचनेचं ठिपक्यांत रूपांतर झाल्याशिवाय काहीच छापता येत नाही.

आता हिशेब पाहू. ए-झिरो कागद ८४१ × ११८९ मिलिमीटरचा असतो. एका इंचात ६०० ठिपके, म्हणजे ६०० डीपीआय धरले, तर या कागदावर सुमारे ५५.८ कोटी ठिपके होतात. रंगीत चित्रात प्रत्येक ठिपक्याला ३ बाइट लागतात. सगळे मिळून दीड जीबीपेक्षा जास्त. तोच कागद ३०० डीपीआयवर सुमारे ४०० एमबीत बसतो, कारण डीपीआय निम्मा केला की ठिपके चौथाई होतात. ए-वन शीट ए-झिरोच्या निम्मी, त्यामुळे तिला ३०० डीपीआयवर सुमारे २०० एमबी लागतात.

हे आकडे कच्चे आहेत. प्लॉटर माहिती दाबून आणि तुकड्यातुकड्यांनी हाताळतो, त्यामुळे प्रत्यक्षात मेमरी कमी लागते. तरीही फाइलचा आकार आणि छपाईचं ओझं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, एवढं यातून स्पष्ट होतं.

जुन्या पेन प्लॉटरला ही अडचण का नव्हती?

कॅलकॉम्प कंपनीचा ५६५ हा ड्रम प्लॉटर १९५९ मध्ये आला. त्यात खरंखुरं पेन कागदावर फिरायचं. सूचना आली की पेन रेष ओढायचं आणि पुढच्या सूचनेची वाट पाहायचं. पूर्ण नकाशा लक्षात ठेवायची गरजच नव्हती.

आजचा इंकजेट प्लॉटर कागद पुढे सरकवत एकेक पट्टी छापतो. छापलेल्या पट्टीवर परत येता येत नाही. फाइलमधली अगदी शेवटची रेष शीटच्या वरच्या कोपऱ्यातली असू शकते. त्यामुळे रेषांच्या भाषेत आलेलं काम प्लॉटरला आधी पूर्ण वाचावं आणि साठवावं लागतं. मेमरी कमी पडते ती इथे.

ही मेमरी लॅपटॉपची नसून प्लॉटरची स्वतःची असते. एचपीच्या जुन्या डिझाइनजेट ५०० मध्ये मुळात १६ एमबी मेमरी होती आणि ती १६० एमबीपर्यंत वाढवता येत असे. नंतरच्या टी-१२० मध्ये २५६ एमबी, तर टी-५२० मध्ये १ जीबी आली. लॅपटॉपला १६ जीबी रॅम असली तरी प्लॉटरची मेमरी त्यामुळे वाढत नाही.

नेमकं कुठे अडलं, हे कसं ओळखायचं?

छपाईचं काम तीन ठिकाणांहून जातं: कॅड किंवा पीडीएफ सॉफ्टवेअर, विंडोजची प्रिंट रांग आणि प्लॉटर.

• पीडीएफच तयार होत नसेल किंवा प्रिंट देताच सॉफ्टवेअर बंद पडत असेल, तर अडचण ड्रॉइंगमध्ये किंवा संगणकाच्या मेमरीत आहे.
• काम प्रिंट रांगेत ‘स्पूलिंग’वरच थांबलं असेल, तर सी ड्राइव्हवर मोकळी जागा आहे का ते पाहावं. रांगेतल्या फाइल सहसा तिथेच साठतात. आधीचं अडकलेलं काम काढून टाकावं.
• संदेश प्लॉटरच्या पडद्यावर आला किंवा शीट अर्धवट निघाली, तर प्लॉटरची मेमरी कमी पडली असण्याची शक्यता सर्वांत जास्त.

खात्री करायला एक सोपी चाचणी आहे. त्याच कागदावर चार रेषांचं साधं ड्रॉइंग छापावं. ते नीट निघालं तर यंत्र ठीक आहे, ओझं तुमच्या फाइलमध्ये आहे. मग चित्रांचा लेयर बंद करून पाहावं, त्यानंतर हॅचचा. कोणता लेयर बंद केल्यावर शीट निघते, ते कळलं की कारण सापडलंच.

ओझं नेमकं कशाचं असतं?

चित्रं. लेआउटच्या नकाशाखाली उपग्रहाचं चित्र किंवा गावनकाशाचं स्कॅन ठेवण्याची पद्धत आहे. गावनकाशात मुख्यतः काळ्या रेषा असतात, तरी तो रंगीत स्कॅन केलेला असतो. तोच शुद्ध कृष्णधवल केला, तर एका ठिपक्याला २४ ऐवजी १ बिट लागतो, म्हणजे चोविसावा हिस्सा. रंगीत चित्र हवंच असेल तर ते १५० ते २०० डीपीआयवर आणावं. भिंतीवर लावलेली शीट दोन हातांवरून पाहताना हा फरक सहसा जाणवत नाही.

पारदर्शकता. ऑटोकॅडच्या प्लॉट खिडकीत ‘प्लॉट ट्रान्सपरन्सी’ असा पर्याय असतो. तो सुरू असला की साध्या रेषांचंही चित्रात रूपांतर होऊ शकतं आणि ओझं एकदम वाढतं. ड्रॉइंगमध्ये पारदर्शक रंग नसतील तर तो बंदच ठेवावा.

दाट हॅच. विटा, काँक्रीट किंवा गवताचा हॅच चुकीच्या स्केलवर पडला, तर एका खोलीत लाखो बारीक रेषा तयार होतात. स्क्रीनवर तो भाग नुसता काळा दिसतो. हॅचचं स्केल वाढवावं किंवा तिथे साधा राखाडी रंग भरावा.

एकावर एक रेषा. अनेकांच्या हातून फिरलेल्या ड्रॉइंगमध्ये एकाच जागी तीन-चार सारख्या रेषा असतात. ‘ओव्हरकिल’ कमांड त्या काढून टाकते. त्याआधी फाइलची प्रत ठेवावी.

‘पर्ज’ कमांडबद्दल मात्र एक गैरसमज आहे. ती न वापरलेले लेयर आणि ब्लॉक काढते, त्यामुळे फाइल लहान होते. पण जे वापरलेलंच नव्हतं, ते छापलंही जाणार नव्हतं. म्हणून छपाईचं ओझं तिनं फारसं कमी होत नाही.

दुकानात उभं असताना काय करता येईल?

१. प्रिंट रांग पूर्ण रिकामी करावी, प्लॉटर बंद करून थोड्या वेळानं सुरू करावा आणि एकच काम पाठवावं. मेमरीत अडकलेलं जुनं काम यानं निघून जातं.

२. डीपीआय ३०० करावा. ३०० डीपीआयवर एक ठिपका साधारण ०.०८५ मिलिमीटरचा असतो. नकाशातली ०.२५ मिलिमीटरची रेष तीन ठिपक्यांत नीट उमटते. रेषांच्या नकाशाला ६०० डीपीआयची गरज क्वचितच पडते.

३. रूपांतराचं काम संगणकाकडे सोपवावं. एचपी डिझाइनजेटच्या अनेक ड्रायव्हरमध्ये प्रगत पर्यायांत ‘सेंड जॉब ॲज बिटमॅप’ असतो. ॲक्रोबॅटमध्ये प्रिंटच्या ‘ॲडव्हान्स्ड’ खिडकीत ‘प्रिंट ॲज इमेज’ मिळतो. दोन्हींत ठिपके संगणकावरच तयार होतात आणि प्लॉटरकडे आयतं चित्र जातं. प्रिंटला वेळ जास्त लागतो, पण अडलेली शीट बहुतेक वेळा निघते.

४. तरीही जमलं नाही तर कॅडमधून नवी पीडीएफ काढावी. त्या वेळी चित्रांचा दर्जा कमी ठेवावा आणि पारदर्शकता बंद करावी. त्यासाठी दुकानात जाताना पीडीएफसोबत मूळ ड्रॉइंग आणि त्यात जोडलेली चित्रंही न्यावीत.

प्लॉटरची मेमरी वाढवणं हा शेवटचा उपाय. काही मॉडेलमध्ये ती वाढवताच येत नाही, आणि जिथे येते तिथे कंपनीनं सांगितलेल्या प्रकारचीच लागते.

घाईत होणारी मोठी चूक

शीट निघत नाही म्हणून ‘फिट टू पेज’ निवडलं जातं किंवा नकाशा लहान कागदावर काढला जातो. शीट निघते, पण माप बिघडतं. १:१०० स्केलच्या नकाशात १० मीटरची भिंत कागदावर बरोबर १० सेंटिमीटर यायला हवी. नकाशा ९७ टक्क्यांवर छापला गेला, तर ती ९.७ सेंटिमीटर येते. शीटवर मात्र १:१०० असंच लिहिलेलं राहतं. अशा कागदावर स्केलपट्टी ठेवून कुणी जागेवर आखणी केली, तर दहा मीटरमागे ३० सेंटिमीटरची चूक होते.

याहून फसवी गोष्ट म्हणजे गुपचूप गळलेला भाग. मेमरी कमी पडल्यावर दर वेळी संदेश येतोच असं नाही. कधी एखादा हॅच, एखादं चित्र किंवा शीटचा शेवटचा पट्टाच छापला जात नाही. नकाशात उत्तर दिशेचा बाण, क्षेत्रफळाचा तक्ता किंवा सहीची चौकट राहून गेली, तर ते मंजुरीच्या टेबलावरच लक्षात येतं.

म्हणून दुकान सोडण्याआधी तीन गोष्टी पाहाव्यात. शीटची चारही बाजूंची चौकट पूर्ण उमटली आहे का? स्क्रीनवरच्या नकाशाशी ताडून पाहिल्यावर सगळे तक्ते आणि हॅच जागेवर आहेत का? आणि ज्याची लांबी माहीत आहे अशी एक भिंत पट्टीनं मोजल्यावर माप बरोबर येतं का? या तपासणीला दोन मिनिटं लागतात, आणि काही चुकलं असेल तर शीट तिथेच पुन्हा काढून घेता येते.