पहिला नग आणि संगणकाची मेमरी

भोसरीच्या एखाद्या लहानशा वर्कशॉपमध्ये लेथवर नवा जॉब लागला, की कामगार पहिला नग काढतो आणि तो तपासणीला देतो. मायक्रोमीटर लावला जातो, गेज लावला जातो. नग ओके झाला, तरच पुढचा लॉट सुरू होतो. 1962 साली महाराष्ट्र औद्योगिक विकास महामंडळाची स्थापना झाली, पिंपरी, चिंचवड, भोसरीचा पट्टा कारखान्यांनी भरला आणि पुढे तो चाकणपर्यंत पसरला. या पट्ट्याने जी कामाची शिस्त अंगी बाणवली, तिचं पहिलं कलम म्हणजे हा पहिला नग. आजचा आपला विषय वरवर पाहता या शिस्तीपासून फार लांबचा वाटेल. तो आहे, घरी जोडलेल्या नव्या गेमिंग कॉम्प्युटरची मेमरी.

चित्र ओळखीचं आहे. चाकणला पाळीत काम करणारा तरुण वर्षभर पैसे साठवतो, टिळक रस्त्यावरून सुटे भाग आणतो आणि गुरुवारच्या सुट्टीत कॉम्प्युटर जोडतो. मशीन सुरू होतं, घरात आनंद होतो. दोन दिवसांनी खेळ मधेच बंद पडतो. कधी निळा पडदा येतो, कधी काहीच न सांगता मशीन पुन्हा सुरू होतं. तो आधी खेळाला दोष देतो, मग विंडोजला, मग सगळ्यांत महाग अशा ग्राफिक्स कार्डाला. मेमरीचा संशय येतो तो अगदी शेवटी. असं का व्हावं? कारण मेमरी ही कारखान्यातल्या गेजसारखी आहे. गेजच झिजलेला असेल, तर वाईट नगही ओके ठरतो आणि बोल मात्र मशीनला लागतो.

संगणक बांधणाऱ्यांना ही गोष्ट फार लवकर कळली होती. आपल्याकडचंच उदाहरण घ्या. मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेत डॉ. आर. नरसिंहन यांच्या नेतृत्वाखाली देशी बनावटीचा संगणक उभा राहिला आणि 1960 साली तो पूर्ण आकारात कामाला लागला. 1962 साली पंडित नेहरूंनी त्याचं नाव ठेवलं, टिफ्रॅक. त्याची मेमरी फेराइटच्या बारीक कड्यांची होती. कडीचं चुंबकत्व एका दिशेला असेल तर शून्य, दुसऱ्या दिशेला असेल तर एक. प्रत्येकी 40 बिटांचे 2,048 शब्द त्यात मावत, म्हणजे सुमारे 82 हजार बिट. आजच्या 16 जीबी मेमरीत अशा जागा किती असतात? सुमारे 13,700 कोटी! त्यातली एक जरी बिघडली, तरी हिशेब चुकू शकतो.

त्याआधीच अमेरिकेत बेल लॅबोरेटरीजमधले गणिती रिचर्ड हॅमिंग एका गोष्टीने वैतागले होते. शनिवार-रविवारी ते आपलं गणित यंत्राला लावून जात. यंत्राला चूक सापडली, की ते गणित सोडून पुढच्याकडे वळे. सोमवारी हाती काहीच नाही. हॅमिंग यांनी विचार केला, यंत्राला चूक झाल्याचं कळतं, तर ती कुठे झाली हेही का कळू नये? त्यातून 1950 साली चूक शोधून दुरुस्त करणारी त्यांची सांकेतिक पद्धत प्रसिद्ध झाली. याहून सोपी पद्धत म्हणजे पॅरिटी. आठ बिटांबरोबर नववा एक साक्षीदार ठेवायचा. एकंदर ‘एक’ सम आहेत की विषम, एवढंच तो लक्षात ठेवतो. साक्ष जुळली नाही, की गडबड आहे हे समजावं.

1970 साली इंटेलची 1103 ही चिप आली आणि कड्यांचे दिवस सरू लागले. आता प्रत्येक बिट म्हणजे विद्युतभाराचा एक कण. तो गळत राहतो म्हणून सेकंदात अनेक वेळा भरावा लागतो. 1978 साली इंटेलच्याच टिमोथी मे आणि मरे वुड्स यांनी दाखवून दिलं, की चिपच्या वेष्टनातल्या युरेनियम आणि थोरियमच्या अत्यल्प अंशातून निघणारे अल्फा कण हा भार बदलू शकतात. चिप धडधाकट, तरी बिट उलटा!

म्हणूनच 1981च्या आयबीएम पीसीत प्रत्येक आठ मेमरी चिपांमागे नववी चिप पॅरिटीची होती. साक्ष जुळली नाही, तर मशीन संदेश दाखवून थांबत असे. पण नववी चिप म्हणजे जादा खर्च. नव्वदच्या दशकात स्वस्त घरगुती संगणकांतून ती निघून गेली. सर्व्हरमध्ये तपासणी राहिली, घरात राहिली नाही. तपासनिसाला घरी पाठवावं आणि लॉट चालू ठेवावा, तसाच हा प्रकार.

याची किंमत कधी मोजावी लागते? 2003 साली बेल्जियमच्या निवडणुकीत स्कारबेक इथे एका उमेदवाराला 4,096 मतं जास्त मिळाली. शक्य होती त्याहून जास्त भरली, म्हणून चूक लक्षात आली. 4,096 म्हणजे दोनाचा बारावा घात, एकच बिट उलटल्यावर पडतो तेवढा फरक. कारण शेवटपर्यंत सिद्ध झालं नाही, पण संशय बिटावरच राहिला. 2009 साली गूगलच्या सर्व्हरांचा अभ्यास प्रसिद्ध झाला. वर्षभरात मेमरीच्या आठ टक्क्यांहून अधिक पट्ट्यांत किमान एक चूक नोंदली गेली होती. आणि पुष्कळशा चुका आकाशातून आलेल्या नव्हत्या, पट्टीतल्याच दोषाच्या होत्या.

गेमिंग मशीनमध्ये आणखी एक भर पडते. 2007 साली इंटेलने एक्सएमपी ही सोय आणली. बायोसमध्ये ती चालू केली, की मेमरी प्रमाणित वेगाहून जलद धावते. दरवेळी प्रत्येक पट्टीला आणि मदरबोर्डला ते झेपतंच असं नाही. डीडीआर-5 मेमरीत चिपच्या आत थोडी दुरुस्ती होते, पण चिपपासून प्रोसेसरपर्यंतच्या वाटेची हमी ती घेत नाही.

तेव्हा पहिला नग आपणच तपासावा. ख्रिस ब्रॅडी यांनी 1994 साली लिहिलेला मेमटेस्ट-86 हा प्रोग्रॅम पेनड्राइव्हवरून, विंडोज सुरू न करता चालतो. तो प्रत्येक जागी ठरावीक आकडे लिहितो आणि परत वाचतो. रात्रभर चालू ठेवावा. चूक दिसली, तर आधी एक्सएमपी बंद करून पुन्हा तपासावं. मग एकेक पट्टी त्याच खाचेत लावून पाहावी आणि चांगली ठरलेली पट्टी दुसऱ्या खाचांत. दोष पट्टीबरोबर फिरला तर पट्टी बदलावी. खाचेपाशीच राहिला तर मदरबोर्ड किंवा प्रोसेसर पाहावा. पट्टी नीट बसलेली नाही, एवढंच कारणही अनेकदा निघतं.

खेळ बंद पडला तर फारसं बिघडत नाही. पण त्याच मशीनवर मुलांचे प्रकल्प असतात, लग्नाचे फोटो असतात, छोट्या धंद्याचे हिशेब असतात. बिघडलेली मेमरी त्यांत गुपचूप चुका लिहून ठेवते आणि वर्षभराने फाइल उघडत नाही, तेव्हा कारण सापडत नाही. मशीन बंद पडलं तर निदान कळतं तरी. म्हणून दुकानदाराची बदलून देण्याची मुदत संपण्याआधीच ही एक रात्र काढावी. कंपनीत आपण तपासल्याशिवाय लॉट सोडत नाही, मग घरी का सोडावा?