करवीर राज्याचा सागरतट : मालवणच्या चार दुर्गांचा एकत्र विचार

करवीर राज्याचा इतिहास सामान्यतः पन्हाळा, विशाळगड आणि पंचगंगेचे खोरे यांच्या आधारे सांगितला जातो. सह्याद्रीच्या पायथ्याशी पसरलेला समुद्र या कथनात क्वचितच दिसतो. वस्तुतः १३ एप्रिल १७३१ रोजी झालेल्या वारणेच्या तहाने साळशीपासून अंकोल्यापर्यंतच्या दक्षिण कोकणावरील करवीरचा हक्क सातारच्या शाहू छत्रपतींनी मान्य केला होता, आणि मालवणचे बंदर १८१२ पर्यंत करवीरकरांच्या ताब्यात होते. म्हणजे अठराव्या शतकातील कोल्हापूर हे आरमार बाळगणारे राज्य होते. या आरमाराचे मुख्य ठाणे जे मालवण, तेथील दुर्गावशेष कोणत्या दृष्टीने पाहावेत, याचा विचार प्रस्तुत टिपणात करावयाचा आहे.

मालवणचा उपसागर खडकांच्या रांगांनी जवळजवळ बंदिस्त झालेला आहे. त्यांतील कुरटे बेटावर २५ नोव्हेंबर १६६४ रोजी शिवछत्रपतींनी सिंधुदुर्गाच्या बांधकामाचा आरंभ केला. सुमारे ४८ एकरांच्या या बेटाभोवती जवळपास तीन किलोमीटर लांबीचा नागमोडी तट आहे. बेट आणि किनारा यांच्यामध्ये एका लहान बेटावर पद्मगड आहे. ओहोटीच्या वेळी वाळूच्या दांड्यावरून तेथपर्यंत चालत जाता येते. किनाऱ्यावर, तीन बाजूंनी पाणी असलेल्या उंचवट्यावर राजकोट होता; उत्तरेस कोळंबच्या खाडीच्या मुखाशी सर्जेकोट आहे. सर्जेकोटाची उभारणी १६६८ ची मानली जाते.

या चौघांपैकी बहुतेक प्रवासी एकट्या सिंधुदुर्गास भेट देतात. होडीने जावे, श्रीशिवराजेश्वराचे दर्शन घ्यावे, दूधबाव, दहीबाव व साखरबाव या गोड्या पाण्याच्या विहिरी पाहाव्या आणि परतावे, असा क्रम ठरून गेला आहे. अभ्यासकांची दृष्टीही पुष्कळदा याच क्रमाने चालते. तथापि सिंधुदुर्गाची रचनाच आपल्याला किल्ल्याबाहेर पाहावयास लावते. त्याचा महाद्वार खुल्या समुद्राकडे नसून किनाऱ्याच्या बाजूस, बुरुजांच्या आड आहे. पश्चिमेकडून येणाऱ्या जहाजास दरवाजा दिसत नाही, आणि खडकांमुळे मोठे जहाज तटाजवळ येऊ शकत नाही, हा त्याचा लाभ. परंतु याच रचनेचा दुसरा अर्थ असा की, समोरचा किनारा शत्रूच्या हाती गेला तर किल्ल्याचे मुख्य द्वार त्याच्या नजरेखाली येते आणि दाणागोटा बंद होतो. राजकोट व पद्मगड यांचे प्रयोजन येथे स्पष्ट होते. एकाने किनारा राखावयाचा, दुसऱ्याने मधली खाडी. ते सिंधुदुर्गाचे निव्वळ उपदुर्ग नव्हते, त्याच्या द्वाराचे रक्षक होते.

सर्जेकोटाचा प्रश्न वेगळा आहे. पावसाळ्याचे चार महिने सिंधुदुर्गाच्या तटावर लाटांचा मारा असतो. आजही त्या काळात प्रवासी होड्यांची ये-जा बंद ठेवावी लागते. अशा ठिकाणी आरमार नांगरून ठेवणे शक्य नव्हते. करवीरचे अमात्य रामचंद्रपंत बावडेकर यांच्या नावाने प्रसिद्ध असलेल्या, १७१५ च्या सुमारास सिद्ध झालेल्या आज्ञापत्रात आरमारास स्वतंत्र प्रकरण दिले आहे, आणि पावसाळ्यातील छावणीसाठी योग्य बंदर निवडण्याविषयी व जहाजांच्या लाकडाविषयी तपशीलवार सूचना केल्या आहेत. त्या सूचना मनात ठेवून सर्जेकोटाकडे पाहिले म्हणजे एका अंगास पाणी व इतर अंगांस खंदक असलेल्या या लहानशा कोटाचे महत्त्व कळते. त्याच्या आडची खाडी हा जहाजांचा निवारा होता, असे अनुमान करण्यास हरकत नाही. मच्छीमारांच्या होड्या आजही तेथे आसरा घेतात.

हा दुर्गसमूह घाटमाथ्याशीही जोडलेला होता. बावडा, फोंडा व आंबोली या घाटांनी कोकण आणि देश यांचे दळणवळण चाले. स्वतः अमात्यांची जहागीर गगनबावड्याच्या परिसरात होती. आरमाराची चिंता वाहणारा मुत्सद्दी घाटाच्या तोंडाशी नांदत होता, ही गोष्ट अर्थपूर्ण आहे.

इंग्रजांच्या कागदपत्रांत करवीरच्या आरमाराचा उल्लेख बहुधा ‘मालवणचे चाचे’ असाच येतो. हा शब्द जसाच्या तसा स्वीकारणे इतिहासदृष्ट्या योग्य नाही. आपल्या किनाऱ्यावरून जाणाऱ्या गलबताने आपले दस्तक घ्यावे, न घेतल्यास ते धरावे, हा हक्क पोर्तुगीज सोळाव्या शतकापासून बजावीत होते. कंपनीसही तो स्वतःसाठी हवाच होता. तोच हक्क देशी राज्याने बजावला की त्यास चाचेगिरी म्हणावयाचे, हा न्याय एकांगी होय. मात्र मालवणच्या आरमाराकडून व्यापाऱ्यांना झालेला उपद्रवही नाकारता येणार नाही. दोन्ही बाजूंचे कागद समोर ठेवूनच निर्णय करावयास हवा.

या संघर्षातून १७६५ मध्ये मेजर गॉर्डन व कॅप्टन वॉटसन यांनी सिंधुदुर्ग घेतला आणि त्यास ‘फोर्ट ऑगस्टस’ असे नाव दिले. परंतु किल्ला राखणे किफायतीचे नव्हते आणि पाडावयाचा तर खर्च अवाढव्य होता. तेव्हा करवीरची सूत्रे जिजाबाईंच्या हाती होती. १७६६ मध्ये तह होऊन किल्ला करवीरकडे परत आला. १७९२ च्या तहाने कंपनीस मालवणात वखारीची मोकळीक मिळाली, आणि अखेर १ ऑक्टोबर १८१२ च्या तहाने करवीरने मालवणचे बंदर इंग्रजांस दिले. या शेवटच्या तहातील कलम लक्षपूर्वक वाचण्याजोगे आहे. त्यात बंदराबरोबर सिंधुदुर्ग, पद्मगड, राजकोट व सर्जेकोट ही चारही नावे आहेत. एकटा सिंधुदुर्ग घेऊन मालवण हाती येत नाही, हे इंग्रज पुरते ओळखून होते.

जुलै २०२५ मध्ये युनेस्कोने मराठ्यांच्या लष्करी भूप्रदेशातील बारा दुर्गांना जागतिक वारशाचा दर्जा दिला. त्यांत पन्हाळा आणि सिंधुदुर्ग हे दोन्ही आहेत, ही करवीरच्या दृष्टीने समाधानाची गोष्ट आहे. परंतु १८१२ च्या तहाने एकत्र मोजलेल्या चार नावांपैकी तीन या यादीत नाहीत. पद्मगड व सर्जेकोट यांची पडझड चालूच आहे. राजकोटाचे नाव सर्वतोमुखी झाले ते तेथे डिसेंबर २०२३ मध्ये अनावरण झालेला आणि २६ ऑगस्ट २०२४ रोजी कोसळलेला शिवछत्रपतींचा पुतळा व २०२५ मध्ये त्याच्या जागी उभारलेला नवा पुतळा यांमुळे. मूळ कोटाचे प्रयोजन त्या चर्चेत फारसे आले नाही. एका दुर्गाचे जतन होऊन त्याचे सहचर नष्ट झाले, तर उरलेला दुर्ग प्रेक्षणीय राहील, पण त्याची रचना अशी का, याचा पुरावा नाहीसा होईल.

म्हणून पदव्युत्तर विद्यार्थ्यांच्या अभ्याससहलींनी रूढ क्रम बदलावा, अशी सूचना करावीशी वाटते. बावड्याच्या घाटाने उतरून प्रथम सर्जेकोट व कोळंबची खाडी पाहावी. नंतर राजकोटाच्या उंचवट्यावरून बंदराचे, खडकांचे व महाद्वाराचे परस्परसंबंध टिपून घ्यावेत. ओहोटीची वेळ साधून पद्मगडास जावे, आणि मग सिंधुदुर्गात प्रवेश करावा. तिन्ही लहान कोटांच्या उरलेल्या तटांची मोजमापे व छायाचित्रे घेणे हे काम एका वर्गाला दोन-तीन हंगामांत सहज करता येईल. त्यास कोल्हापूरच्या पुराभिलेखागारातील मोडी कागदांच्या वाचनाची जोड मिळाली, तर करवीरच्या आरमाराचा इतिहास इंग्रजी पत्रव्यवहारावर विसंबून न राहता लिहिता येईल. कागद अजून काही काळ टिकतील; लाटांच्या माऱ्याखालील भिंतींविषयी तसे म्हणता येत नाही, म्हणून मोजमापांचे काम आधी हाती घ्यावे.