ठराव करणं सोपं, पण...



आपल्या वरणगावात ग्रामपंचायत जाऊन नगरपरिषद आली. तेव्हापासून निवडणूक जवळ आली की टपरीवर एकच चर्चा, यंदा नगराध्यक्ष कोण? निवडून आल्यावर त्याने नेमकं करायचं काय, हे कोणी विचारत नाही. म्हणून आज शंभर वर्षांपूर्वीच्या एका नगराध्यक्षाची आठवण काढतो. गाव कोकणातलं महाड, नाव सुरेंद्रनाथ टिपणीस. लोक त्यांना नानासाहेब म्हणायचे.

४ ऑगस्ट १९२३ ला मुंबई कायदे कौन्सिलात सी. के. बोले यांचा ठराव मंजूर झाला. सरकारी पैशावर चालणारे पाणवठे, धर्मशाळा, शाळा, दवाखाने अस्पृश्यांना खुले करा, असा तो ठराव. बऱ्याच ठिकाणी तो कागदावरच राहिला. महाडच्या नगरपालिकेने मात्र १९२४ च्या जानेवारीत चवदार तळं सर्वांना खुलं केल्याचा ठराव केला. त्यामागे टिपणीसांचा पुढाकार होता. ते स्वतः सवर्ण, कायस्थ प्रभू समाजातले. जातभाईंची नाराजी ओढवणार, हे त्यांना कळत नसेल का? तरी केलं.

पण ठराव झाला म्हणून ओंजळीत पाणी आलं नाही. गावाच्या धाकाने तीन वर्षं कोणी तळ्यावर गेलंच नाही. शेवटी २० मार्च १९२७ ला डॉ. बाबासाहेब आंबेडकर हजारो माणसं घेऊन तळ्यावर गेले आणि पाणी प्यायले. परतणाऱ्या लोकांना मारहाण झाली. मग तळं 'शुद्ध' करायला १०८ घागरी शेण, गोमूत्र, दूध, दही ओतलं गेलं. टिपणीस या लढ्यात बाबासाहेबांच्या बाजूनेच उभे राहिले.

पुढची गोष्ट जास्त बोचते. ४ ऑगस्ट १९२७ ला, म्हणजे बोले ठरावाला बरोबर चार वर्षं झाली त्याच तारखेला, त्याच नगरपालिकेने आपला ठराव मागे घेतला! प्रकरण कोर्टात गेलं. मुंबई हायकोर्टाचा निकाल अस्पृश्यांच्या बाजूने लागला तो १७ मार्च १९३७ ला. घोटभर पाण्यासाठी दहा वर्षं.

मला यातून एवढंच कळतं. सभागृहात हात वर करून झालेला ठराव हात वर करूनच पुसता येतो. तो टिकवायला आतमध्ये टिपणीसांसारखा माणूस लागतो आणि बाहेर जागी जनता लागते. नुसता चांगला नगराध्यक्ष पुरत नाही, भाऊ.

आपल्या उशाशी तापी आहे, हतनूरचं धरण आहे. उद्या मत मागायला कोणी दारात आला, तर त्याला गटारी आणि रस्ते जरूर विचारा. सोबत हेही विचारा, की गावातल्या शेवटच्या वस्तीच्या नळासाठी आपल्याच माणसांचा रोष घ्यायची तयारी आहे का, दादा?

आणि त्याने ठराव केलाच, तर तो टिकवायला आपण सोबत जाणार का? तुमचं मत जरूर लिहा.