हातोहात आलेली वेल

आमच्या आळीतील कृष्णकमळाच्या वेलींना फळ धरत नाही, ही तक्रार आम्ही लहानपणापासून ऐकत आलो आहोत. फुले मात्र पावसाळ्यात अशी लगडतात की कुंपण दिसेनासे व्हावे. कोणी म्हणत, आपल्या जमिनीत खार आहे. कोणी म्हणत, वेलीला दृष्ट लागली. एक वृद्ध मास्तर तर गंभीरपणे सांगत की, ज्या फुलावर प्रभूच्या दुःखसहनाची चिन्हे उमटली आहेत, त्या फुलाने आणखी फळही द्यावे ही अपेक्षाच लोभाची आहे. या शेवटच्या उत्तराने आमचे बालपणी समाधान झाले होते. पुढे तेवढ्यावर भागेना, म्हणून आम्ही या वेलीचा मागोवा घेऊ लागलो.

आळीत ही वेल आणली ती एका मावशींनी. त्यांच्या वाडीत रहाटाची विहीर होती, विहिरीशेजारी बावखल, आणि दोहोंच्या मध्ये बांबूचा मांडव. मांडवावर कृष्णकमळ. पहिल्या पावसात मावशी बोटाएवढ्या जाडीच्या फांद्या छाटीत, प्रत्येकीला तीन-चार डोळे ठेवीत, ओल्या गोणपाटात गुंडाळीत आणि रविवारच्या मिस्सानंतर मागेल त्याला देत. न मागणाऱ्यालाही देत. आमच्या कुंपणावरची वेल त्यांचीच, शेजारच्यांची त्यांचीच, आणि देवळामागच्या भिंतीवर चढलेलीही त्यांचीच. उपवासकाळात धर्मशिक्षणाच्या वर्गात मावशी मुलांना जवळ बसवून फुलाची ओळख करून देत. उपवासकाळात ताजे फूल क्वचितच मिळे. मग वहीत दाबून ठेवलेले, तपकिरी पडलेले फूल पुढे येई. बाहेरच्या दहा पाकळ्या म्हणजे दहा प्रेषित. नाकारणारा पेत्र आणि विश्वासघात करणारा यहूदा यांना त्यातून वगळलेले. मधले निळे-जांभळे तंतूंचे वलय म्हणजे काट्यांचा मुकुट. पाच पुंकेसर म्हणजे पाच जखमा. वरचे तीन बोंडासारखे टोक म्हणजे तीन खिळे. मधला दांडा म्हणजे फटके मारताना प्रभूला बांधलेला खांब, आणि वेलीचे गोल गोल तणावे म्हणजे चाबूक.

त्याच कुंपणापलीकडचे आमचे हिंदू शेजारी तेच फूल हातात घेऊन वेगळी मोजणी करीत. तंतू म्हणजे शंभर कौरव, पुंकेसर म्हणजे पाच पांडव, वरचे तीन म्हणजे ब्रह्मा, विष्णू, महेश. लहानपणी या दोन मोजण्यांवरून आमची मुलामुलांत भांडणेही झाली आहेत. तंतू नेमके शंभरच का, हे मोजून पाहण्यासाठी आम्ही एकदा दोन फुले कुस्करली आणि दोन्ही घरांतून बोलणी खाल्ली.

ही वेल मूळची अमेरिका खंडातली. तिच्या कुळात पाचशेहून अधिक जाती आहेत आणि त्यांतील बहुतेक सर्व मध्य व दक्षिण अमेरिकेच्या उष्ण प्रदेशातल्या. स्पॅनिश लोक तिथे पोहोचले तेव्हा त्यांचे लक्ष प्रथम गेले ते फळाकडे. पेद्रो सिएसा दे लेओन यांनी १५५३ साली सेव्हिल येथे छापलेल्या पेरूच्या वृत्तान्तात या फळांचा उल्लेख आहे. फळ डाळिंबासारखे दाणेदार, म्हणून त्याला नाव पडले ‘ग्रानादिल्या’, म्हणजे छोटे डाळिंब. फुलाचा अर्थ लावणे नंतर सुरू झाले. होसे दे अकोस्ता हे येशूसंघीय धर्मगुरू पेरूमध्ये अनेक वर्षे राहिले होते. १५९० सालच्या आपल्या ग्रंथात त्यांनी नोंद केली की या फुलात प्रभूच्या दुःखसहनाची साधने दिसतात असे लोक म्हणतात. त्यात काही तथ्य आहे, परंतु ती सगळी दिसायला पाहणाऱ्याजवळ थोडी भक्तीही असावी लागते. हा शेरा आम्हांस फार आवडला. ज्या धर्मगुरूने फूल डोळ्यांनी पाहिले होते, तो फुलाविषयी असा सावधपणे बोलतो.

ज्यांनी ते पाहिले नव्हते, त्यांचा उत्साह अधिक होता. रोममध्ये जाकोमो बोझिओ हे सेंट जॉनच्या माल्टा-संघाचे इतिहासकार पवित्र क्रुसावर एक मोठा ग्रंथ लिहीत होते. मेक्सिकोहून आलेल्या एमानुएल दे व्हिल्येगास या ऑगस्टिनियन संघीयाने त्यांना या फुलाची चित्रे दाखविली. ती इतकी विलक्षण होती की बोझिओंना प्रथम विश्वासच बसेना; ग्रंथात हे घालावे की नाही, या संभ्रमात ते होते. पुढे मेक्सिकोहून आलेल्या येशूसंघीयांनी दुजोरा दिला, आणखी चित्रे हाती आली, आणि १६१० साली छापलेल्या ग्रंथात फुलाला जागा मिळाली. चित्रांवरून त्यांची समजूत झाली की हे फूल पुरते उमलत नाही, घंटेसारखे मिटलेले राहते. प्रभूने हे रहस्य योग्य काळापर्यंत झाकून ठेवले असावे, असा त्यांनी त्याचा अर्थ लावला. वाचकहो, आमच्या कुंपणावरचे फूल सकाळी ताटलीसारखे सपाट उघडते. बोझिओंना कोणी एक फांदी दिली असती तर हा परिच्छेद त्यांनी लिहिला नसता.

त्या काळातली काही चित्रे पाहिली की आणखी एक गोष्ट ध्यानात येते. फूल एका हातातून दुसऱ्या हातात कागदावरून गेले, तसे ते बदलत गेले. तंतूंचा खरोखरीचा काटेरी मुकुट झाला, खिळ्यांना लोहाराच्या खिळ्यांसारख्या टोप्या आल्या. मग जिवंत वेली युरोपात रुजल्या. रोममधील फार्नेसे उद्यानातल्या दुर्मीळ वनस्पतींचे वर्णन १६२५ साली छापले गेले, त्यात ही वेल आहे. लंडनचे औषधी व बागवान जॉन पार्किन्सन यांनी १६२९ साली आपल्या ग्रंथात दोन चित्रे दिली. एक बागेतल्या वेलीचे आणि दुसरे, त्यांच्या शब्दांत सांगायचे तर, येशूसंघीयांनी रचलेले. दुसऱ्यावर त्यांनी कडक टीका केली. तो काळ धर्मकलहाचा होता, हे लक्षात घेऊनही आम्हांस वाटते की चित्राविषयी ते बरोबर होते. फूल जसे आहे तसे पाहिले तर त्यातला खांब आणि खिळे पाहणाऱ्याला दिसतातच; त्यासाठी लोहाराला बोलावण्याची गरज नव्हती.

पार्किन्सन यांची वेल उत्तर अमेरिकेतील व्हर्जिनियातून आलेली होती. तिथले मूळ रहिवासी पॉवहाटन लोक या वेलीला ‘मराकॉक’ म्हणत. ते तिची फळे खात व तिची लागवडही करीत, अशी नोंद कॅप्टन जॉन स्मिथ यांनी १६१२ साली केली आहे. दक्षिणेकडे ग्वारानी लोकांचा शब्द ‘म्बुरुकुया’, आणि आज निळ्या फुलाची ही वेल पाराग्वे देशाचे राष्ट्रीय पुष्प आहे. पोर्तुगीजांनी तुपी लोकांकडून घेतलेला शब्द ‘माराकुजा’. म्हणजे युरोपातील धर्मगुरूंनी या फुलाला प्रभूच्या दुःखसहनाचे नाव दिले, त्याआधी त्याला नावे होती, त्याला खाणारी मुले होती, त्याच्या मांडवाखाली बसणारी माणसे होती. इतिहास लिहिताना आपल्याकडून ही माणसे वारंवार गाळली जातात. १७५३ साली लिनीयसने वनस्पतींची शास्त्रीय नावे ठरविली तेव्हा त्याने जुन्या भाविक नावावरूनच ‘पॅसिफ्लोरा’ हे कुलनाम कायम केले. जपानी लोकांनी मात्र फुलाला घड्याळ म्हटले, कारण त्यांना त्या तीन टोकांत काटे दिसले, काट्यांच्या मुकुटाऐवजी वेळ दाखविणारे.

बोझिओंचा ग्रंथ ज्या दशकात छापला गेला, त्याच दशकात, १६१६ साली, गोव्यातील राशोल येथे फादर थॉमस स्टीफन्स यांचे ‘ख्रिस्तपुराण’ छापले गेले. मराठी भाषेला त्यांनी फुलांतल्या मोगरीची उपमा दिली, हे आपल्यापैकी अनेकांना ठाऊक आहे. परदेशातून आलेल्या त्या धर्मगुरूने प्रभूचे दुःखसहन इथल्या माणसांच्या ओवीत सांगितले. मेक्सिकोतल्या धर्मगुरूंनी ते तिथल्या कुंपणावरच्या फुलात पाहिले. हाताशी जे आहे त्यातून सांगण्याची दोघांची रीत आम्हांस सारखीच वाटते.

असो. फळ का धरत नाही, हा प्रश्न राहिलाच.

त्याचे उत्तर आम्हांस एका कृषी पदवीधर तरुणाने दिले, आणि तेही विहीर बुजविल्यानंतर. मावशी गेल्या, वाडीची वाटणी झाली, बावखल भरले गेले आणि मांडवाच्या जागी चार मजली इमारत उभी राहिली. तरीही मावशींची वेल आळीभर जिवंत आहे, या समाधानात आम्ही होतो. तो तरुण म्हणाला, तुमच्या आळीत वीस-पंचवीस वेली नाहीतच. एकच वेल आहे, वीस-पंचवीस ठिकाणी लावलेली. छाट म्हणजे मूळ वेलीचाच तुकडा. आणि या कुळातल्या पुष्कळ जातींत वेलीला स्वतःचा पराग चालत नाही. तो कुक्षीवर पडला तरी रुजत नाही. फळ हवे असेल तर दुसऱ्या रक्ताच्या वेलीचा पराग हवा. पिवळ्या फळाच्या पॅशनफ्रूटचे असेच आहे. जांभळ्या फळाची वेल तेवढी एकटीने फळते. नीलगिरी, कोडगू, वायनाड, तसेच मणिपूर, मिझोराम, नागालँड इकडे पॅशनफ्रूटची लागवड होते. तिथल्या बागाइतदारांना ही गोष्ट ठाऊक असते. आमच्या आळीत सर्वांनी एकमेकांना उदारपणे फांद्या दिल्या होत्या, आणि सर्वांजवळ तेच होते जे शेजाऱ्याजवळ होते.

त्याने फूलही नव्याने दाखविले. सकाळी फूल उघडते तेव्हा ते तीन खिळे वर उभे असतात. थोड्या वेळाने ते हळूहळू खाली वाकतात आणि पुंकेसरांच्या पातळीला येतात. त्या वेळी मधाच्या ओढीने वलयावर फिरणारा मोठा काळा भुंगा आला तर त्याच्या पाठीवरचा पराग खिळ्यांच्या टोकांना लागतो. लहान मधमाशी फुलात फिरून जाते, पण तिची पाठ तेवढ्या उंचीवर पोहोचत नाही. भुंगाच हवा. हा तोच भुंगा, जो आपल्या जुन्या घरांच्या वाशांना भोके पाडतो म्हणून आपण झाडूने हाकलतो. घरे गेली, वासे गेले, कुंपणाचे वाळके बांबू जाऊन सिमेंटच्या भिंती आल्या. त्यांत भुंग्याने घर करावे तरी कोठे?

एक कौतुकाची गोष्ट इथे सांगितली पाहिजे. याच कुळातली एक रानटी वेल आपल्या रेताड माळांवर आणि पडीक कुंपणांवर वाढते. पाने चुरगळली की घाण वास येतो, कळीभोवती हिरव्या चिकट जाळीचे आवरण असते आणि त्या जाळीत बारीक किडे अडकून मरतात. तीही अमेरिकेतूनच आलेली. तिला कोणी लावीत नाही, कोणी फांदी मागत नाही, आणि ती कोणाच्या मदतीवाचून फळते. पिकलेली पिवळी-नारिंगी फळे गुरे राखणारी मुले खातात. कच्ची मात्र खाऊ नयेत, ती विषारी असतात.

त्यानंतर आम्ही दुसरी वेल शोधायला निघालो. चार धर्मग्रामांत विचारणा केली. दोन ठिकाणच्या वेली चौकशीअंती मावशींच्याच निघाल्या; लग्न होऊन गेलेल्या मुलींनी माहेरून नेलेल्या. तिसऱ्या ठिकाणी वेल तोडून फरशी घातली होती. चौथ्या धर्मग्रामात एका निवृत्त शिक्षकांच्या गच्चीवर मातीच्या कुंडीत एक वेल मिळाली. फुलाचा रंग किंचित फिका, पान जरा रुंद. ती त्यांच्या भावाने दक्षिणेतून बियांवरून वाढविलेली. त्यांनी फांदी दिली आणि बदल्यात मावशींच्या वेलीची फांदी मागून घेतली. संकरित वेली असल्या तर जोडीदार मिळूनही फळ धरेलच असे नाही, हा इशारा त्या तरुणाने दिला होता, म्हणून आम्ही कोणाला काही बोललो नाही.

दुसऱ्या वर्षी श्रावणात, भुंग्याची वाट न पाहता, आम्ही सकाळी अकराच्या सुमारास खिळे वाकल्यावर रंगवायच्या कुंचल्याने पाहुण्या वेलीचा पराग मावशींच्या वेलीवरील नऊ फुलांना लावला. सहा गळून गेली. एका फळाला अळ्यांनी पोखरले. दोन टिकली. कोंबडीच्या अंड्यापेक्षा लहान, आतून थोडीशी रसाळ, चवीला यथातथाच. आमच्या घरातील मुलांनी एकेक दाणा चाखून तोंड वाकडे केले.

बिया धुऊन, सावलीत वाळवून मोजल्या तेव्हा एकशे सात भरल्या. फांदी लावली की तीच वेल पुन्हा उभी राहते. यांतील प्रत्येक बी वेगळी वेल होणार आहे, मावशींच्या वेलीची लेक, पण मावशींची वेल नव्हे. कागदाच्या पुड्यांत पाच-पाच बिया घालून आम्ही त्या पवित्र आठवड्यापूर्वीच्या रविवारी देवळाबाहेर नेल्या. मावशींची धाकटी सून सर्वांत प्रथम पुढे आली. चौथ्या मजल्यावरच्या खिडकीच्या जाळीवर वेल चढेल का, एवढेच तिने विचारले. तिला आम्ही दोन पुड्या दिल्या.